सांधणी

पिवळी, जाड लाइन, मेणचट अंगाची,
आणि तिच्या तोंडाला जोडायचा लीडर,
नायलॉनचा, नऊ फूट,
पाण्यात गेला की पाणीच होणारा.
एकीला वजन आहे.
दुसऱ्याला फक्त टोक.

अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालेला
डग्लस व्हाइटली सांगायचा,
"माशी नाही फेकत आपण, पोरा, लाइन फेकतो.
हातातला जोर गाठीतून पार झाला तर माशीपर्यंत पोचेल,
नाहीतर आउटरला मालगाडी उभी राहते
तसा तिथंच उभा राहील."
मग तो मुलीकडे पर्थला निघून गेला.
रॉड दिला, रीळ दिलं,
चहाच्या डब्यात कोंबडीच्या पिसांच्या बारा माश्या दिल्या.
गाठ एकदाच दाखवली होती,
तीही थरथरत्या हातांनी, घाईत.

मे महिन्यात तांडापेठेत
पंख्याखाली बसून मी ती आठवतो आहे.
बॉलपेनची रिकामी रिफिल लाइनला टेकवायची,
लीडरचं बूड शेजारी धरायचं,
त्याचेच सहा वेढे दोघींभोवती,
टोक रिफिलच्या पोटातून पलीकडे,
मग रिफिल हळूच ओढून घ्यायची.
इथंच सगळं बिघडतं.
घामेजल्या चिमटीतून वेढे सुटतात,
एकमेकांवर चढतात,
सुटीतल्या पोरांसारखे.

पाचव्यांदा शिवी आली तोंडात
तेव्हा बाबा खाटेवरून म्हणाले,
"काय सांधून राह्यला बे?"

बकाराम पराते. डोळ्यांत आता नुसता उजेड उरलेला.
एके काळी जुन्या ताण्याचं शेपूट मागावर ठेवून
नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला पिळायचे,
राखेत बोट बुडवून,
दोन हजार चारशे धागे, शेकड्यावर मजुरी.
फणीतून सांधा गेलेला फणीला कळायचा नाही.
माग भंगारात गेला, लाकूड वेगळं, लोखंड वेगळं.
राखेची वाटी तेवढी आईने
तुळशीखाली ठेवली आहे.

मी दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली.
त्यांनी सवयीने पीळ दिला.
पीळ उलगडला.
पुन्हा दिला. पुन्हा उलगडला.
"हे सूत नोहे," ते म्हणाले,
"याले कोणाचीच सवय नाही."
आणि जरा वेळ गप्प राहिले,
पाहुण्यांत चुकीचं नाव घेतल्यासारखे.

मग विचारलं, "कायले पाह्यजे हे?"
"मासा धरायला."
"मंग?"
"मंग सोडून द्याचा."
ते इतके हसले की खोकला आला.
"सोडाचाच हाय, त गाठ एवढी पक्की कायले?"
याचं उत्तर व्हाइटलीनेही दिलं नव्हतं.

पण हात पुढे केला त्यांनी.
"कुठं निसटते सांग."
मी त्यांचा अंगठा वेढ्यांवर नेऊन ठेवला,
नखाशी घट्टा, मधे खाच,
धाग्यानेच पाडलेली,
आणि सहाच्या सहा वेढे त्या खाचेत बसले,
जागा राखून ठेवल्यासारखे.
मी रिफिल ओढली.
एकही हलला नाही.
"थुंकी लाव," ते म्हणाले.
व्हाइटलीही हेच म्हणाला होता, इंग्रजीत.
मी ओली केली, दोन्हीकडून ताणली.
लाइनच्या मऊ अंगात नायलॉन रुतला.
उरलेलं टोक नेलकटरने उडवलं.

रविवारी कन्हानला, रेल्वे पुलाच्या खाली,
पाणी गुडघाभर, रेती तापलेली.
दर फेकीला गाठ कड्यांतून बाहेर पडताना
टिक् व्हायचं,
घड्याळाने एकदाच वाजावं तसं,
आणि लीडर पुढे उलगडत जायचा, शेवटपर्यंत.
दुपारपर्यंत एक तिलापिया, तळहाताएवढा.
सोडला.

संध्याकाळी बाबांनी माशाचं विचारलं नाही.
"आण इकडं," म्हणाले.
लाइन अंगठ्याखालून ओढत नेली, सावकाश,
डोळे छताकडे.
गाठीवर अंगठा अडला,
केसभर,
मागे आला, पुन्हा गेला.
"हाताले लागते अजून," ते म्हणाले.
"उद्या काप. पुन्हा मारू."